वाचकांचे प्रश्न : बंदूक कुणाच्या हाती?

या महिन्याच्या पत्रांत चार पत्रं एकाच विषयाभोवतीची निघाली. चौघे एकमेकांना ओळखत नाहीत, गावं वेगळी, वयं वेगळी, पण चौघांनाही अमेरिकेतल्या बंदुकांनी अस्वस्थ केलं आहे. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून ही चार एकत्र घेते.

आदरणीय बाई, माझा मुलगा नऊ वर्षांपासून टेक्सासमध्ये आहे. नात सात वर्षांची. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, ‘आजी, आज आम्ही लपायची प्रॅक्टिस केली.’ मला वाटलं लपंडाव. तर म्हणे टीचरनी दिवे घालवले, दार आतून लावलं, आणि सगळ्यांनी कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसायचं, हूं की चूं करायचं नाही. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर, म्हणून. त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मुलाचा शेजारी भला माणूस आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत तिकडे बर्फ पडून वीज गेली तेव्हा यांना स्वतःच्या घरी नेऊन त्यानं शेकोटीपाशी बसवलं. पण त्याच्याच घरात कपाटभर बंदुका आहेत. एवढा शिकलेला देश, मग हे आलं कुठून?
– एक आजी, फैजपूर

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकतीस वर्षं मी धरणगावला शाळेत शिकवलं. वर्गात चाळीस मुलं एकाच वेळी गप्प बसली तर मला आनंद व्हायचा. तुमच्या नातीच्या वर्गातली ती शांतता डोळ्यांपुढे आली आणि पुढचं काही सुचेना.

नात सांगते ते खरं आहे. तिकडच्या बहुतेक सरकारी शाळांत असा सराव होतो. २०१२ च्या डिसेंबरात कनेक्टिकट राज्यात सँडी हुक नावाच्या प्राथमिक शाळेत एका तरुणानं वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली. मुलं सहा-सात वर्षांची होती, तुमच्या नातीएवढी. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासमध्येच, युवाल्डी या गावी, एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. २०१८ च्या एका अंदाजानुसार तिथल्या सामान्य लोकांकडे ३९ कोटींच्या वर बंदुका आहेत. माणसं ३३ कोटींच्या आसपास. म्हणजे माणशी एकाहून जास्त. तरी शंभरातल्या साधारण बत्तीस प्रौढांकडेच बंदूक असते, बाकीच्यांकडे नसते. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे अनेक आहेत, तुमच्या मुलाच्या शेजाऱ्यासारख्या.

आता मुळाकडे जाऊ. इंग्लंडातून जे लोक तिकडे गेले, ते अशा देशातून गेले जिथे शिकारीचा हक्क जमीनजुमलेवाल्या बड्या लोकांचा होता. गरिबानं ससा मारला तर शिक्षा. अमेरिकेत उतरल्यावर सगळं उलटं झालं. तिथे राजाची फौज जवळ नव्हती, म्हणून वसाहतींनी प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुषाला बंदूक बाळगायची सक्तीच केली. व्हर्जिनियात तर रविवारी चर्चला येताना बंदूक घेऊन यायचा नियम होता. ही मुभा नव्हती, कर्तव्य होतं. आपल्या गावात पाळीपाळीनं गस्त घालायची पद्धत होती ना, तशी ती गस्त समजा, फक्त कायद्यानं लादलेली. त्या गावकरी फौजेला ते मिलिशिया म्हणत.

मग १९ एप्रिल १७७५ हा दिवस आला. बॉस्टनमधली इंग्रज पलटण रात्रीच निघाली. कॉन्कॉर्ड गावात लोकांनी साठवलेली बंदुकीची दारू आणि हत्यारं जप्त करायची होती. वाटेत लेक्सिंग्टनच्या मैदानात गावकरी बंदुका घेऊन उभे राहिले. आठ जण पडले. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध तिथून सुरू झालं. नीट बघा, सरकार हत्यारं काढून घ्यायला आलं आणि शेतकऱ्यांनी ती दिली नाहीत, ही त्या देशाची जन्मकथा आहे. आपल्याकडे लहान मुलाला शिवनेरीवरचा पाळणा सांगतात, तशी ती कथा तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

१७९१ मध्ये त्यांच्या राज्यघटनेत दहा दुरुस्त्या झाल्या. त्यातली दुसरी इंग्रजीत अवघी सत्तावीस शब्दांची आहे. तिचा आशय असा: स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित मिलिशिया गरजेची आहे, म्हणून हत्यारं ठेवण्याच्या आणि बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येता कामा नये. पुढच्याच वर्षी, १७९२ मध्ये, त्यांच्या संसदेनं मिलिशियाचा कायदा केला. त्यात सामानाची यादीच आहे: एक चांगली बंदूक, संगीन, दोन जादा गारगोट्या, पिशवी, किमान चोवीस काडतुसं. हे सगळं माणसानं पदरच्या पैशानं घ्यायचं. कुणी घ्यायचं? वय अठरा ते पंचेचाळीस, मुक्त, धडधाकट, गोरा, पुरुष.

ताई, त्या ‘मुक्त’ आणि ‘गोरा’ या दोन शब्दांपाशी मी वर्गात नेहमी थांबायची. मिलिशियाला दोन कामं होती. एक, ज्यांची जमीन घेतली त्या मूळ रहिवाशांशी लढायचं. दुसरं, दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांवर पहारा ठेवायचा, रात्री गस्त घालून पळणारे पकडायचे. बंदूक कुणाकडे आहे यावरून माणूस नागरिक की गुलाम ते ठरत होतं. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात त्यांच्या सरन्यायाधीशानं, रॉजर टॉनीनं, काळ्या माणसाला नागरिक का म्हणता येणार नाही याची कारणं देताना लिहून ठेवलं आहे की तसं म्हटलं तर हे लोक जातील तिथे हत्यार बाळगू लागतील. १८६५ मध्ये गुलामी संपली आणि मिसिसिपी राज्यानं लगेच कायदा केला की सुटलेल्या गुलामानं परवानगीशिवाय बंदूक ठेवायची नाही.

म्हणजे बंदुकीबरोबर दोन गोष्टी एकदमच रुजल्या: मी कुणाचा गुलाम नाही हा अभिमान, आणि ज्याच्यावर मी अन्याय केला तो एक दिवस माझ्या दारात येईल ही भीती. पहिल्या गोष्टीबद्दल ते मोठ्यानं बोलतात.

हे मला धरणगावला बसून जास्त चांगलं कळलं, ते का सांगते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. सातपुड्यातले भिल्ल त्यांना आवरेनात. तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्यानं भिल्लांमधूनच पलटण उभी केली, आणि तिचं ठाणं आमचं धरणगाव. ज्यांच्या हातात तीरकामठा होता त्यांतल्या काहींना सरकारी बंदूक आणि पगार दिला आणि बाकीच्यांवर सोडलं. १८५७ साली सेंधव्याच्या घाटाची राखण केलेला खाज्या नाईक उलटला, भीमा नाईक उलटला, आणि डोंगरात मोठ्या लढाया झाल्या. त्यानंतर १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागणार, युरोपियन माणसाला सूट. गांधीजींनीही या कायद्यावर कडक टीका केली होती.

आणि ९ सप्टेंबर १९४२. नंदुरबारला शिरीषकुमार मेहता, वय पंधरा वर्षं, हातात तिरंगा. समोर पोलिसांच्या बंदुका. आपल्या खानदेशातल्या कुठल्याही शाळेतल्या पोराला विचारा, बंदूक म्हटलं की त्याला हा प्रसंग आठवेल. आपल्या आठवणीतली बंदूक समोरच्याच्या हातात आहे, सरकारच्या हातात. अमेरिकन माणसाच्या आठवणीतली बंदूक त्याच्या खापरपणजोबाच्या हातात आहे. तुमच्या मुलाचा शेजारी कपाट उघडतो तेव्हा त्याला मारामारी दिसत नसेल, त्याला घरातला वडीलधारा दिसत असेल. म्हणूनच तो भला माणूसही आहे आणि त्याचं कपाटही भरलेलं आहे.

बाई, मी बारावीत आहे. काउबॉयचे पिक्चर बघून वाटतं की तिकडे सगळेच कमरेला पिस्तूल लावून फिरायचे आणि तेव्हापासून ही सवय लागली. खरंच तसं होतं का?
– विद्यार्थी, शिरपूर

बाळा, पडद्यावरची गावं खरी होती, पण त्यांचे नियम पिक्चरवाल्यांनी गाळले. कॅन्ससमधलं डॉज सिटी आणि ॲरिझोनातलं टूमस्टोन ही दोन नावं तू ऐकली असशील. दोन्ही गावांत हत्यार घेऊन हिंडायला बंदी होती. गावात शिरलास की बंदूक जमा करायची, जाताना परत घ्यायची. टूमस्टोनची ती प्रसिद्ध चकमक, २६ ऑक्टोबर १८८१ ची, ती पेटण्यामागे एक कारण हेच होतं की काही जण गावात हत्यारं घेऊन आले होते आणि कायद्याची माणसं ती काढून घ्यायला निघाली होती. आजच्या अमेरिकेतल्या कित्येक शहरांपेक्षा त्या गावांचे नियम कडक होते.

मग सवय कुठून लागली? माझं उत्तर आहे, कारखान्यातून. आपल्याकडे बीटी कापसाचं बियाणं गावोगाव कसं पोचलं ते तुझ्या वडिलांना विचार. शेतकऱ्यानं मागितलं म्हणून जेवढं आलं, त्याहून जास्त ते विकणारे दारात आले म्हणून आलं.

१७९४ मध्ये सरकारनं मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्डला बंदुकांचा कारखाना काढला. तोवर प्रत्येक बंदूक लोहार हातानं घडवायचा. एकीचा घोडा दुसरीला बसायचा नाही. सरकारी पैशावर तिथे यंत्रानं सारखे सुटे भाग करायची पद्धत वाढली. पुढे घड्याळं, शिवणयंत्रं, सायकली त्याच पद्धतीनं होऊ लागल्या. १८३६ मध्ये सॅम्युअल कोल्टनं फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं. पुढे हार्टफर्डला त्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. माल विकण्याची कलाही कोल्टला अवगत होती. मोठमोठ्या लोकांना नक्षीदार पिस्तुलं भेट द्यायची, चित्रकारांकडून आपलं पिस्तूल हातात घेतलेल्या शिकाऱ्यांची चित्रं काढून घ्यायची, हे त्यानं त्या काळात केलं.

१८६५ मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांतलं यादवी युद्ध संपलं. लाखो शिपाई घरी निघाले आणि पैसे भरून आपली बंदूक सोबत न्यायची मुभा त्यांना मिळाली. इकडे कारखान्यांच्या भट्ट्या पेटलेल्या, आणि सैन्याची मागणी एकदम बसली. मग गिऱ्हाईक कोण? घरातला माणूस. विंचेस्टरची १८७३ ची रायफल आली, टपालानं माल पाठवणाऱ्या दुकानांच्या जाडजूड पुस्तकांत नांगर, शिलाई मशीन आणि पाळण्याच्या बरोबरीनं बंदुका छापून येऊ लागल्या, आणि पुढे मुलांच्या मासिकांतही जाहिराती आल्या की बापानं मुलाला पहिली रायफल द्यावी. काउबॉयची गोष्ट बरीचशी नंतर रचली गेली. जो काळ सरत आला होता त्याची आठवण माल म्हणून विकायला आली.

तुझं वय आहे म्हणून एक सांगते. चोपड्याच्या पलीकडे, मध्यप्रदेशच्या सीमेवरून गावठी कट्टे आणताना पोरं पकडली गेली, ही बातमी आपल्याकडे वरचेवर येते. त्यातली बरीच तुझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असतात. कमरेला कट्टा लावून मोबाइलवर फोटो टाकायचा, यापलीकडे त्याचा उपयोग त्यांना ठाऊक नसतो. माझा एक हुशार विद्यार्थी यात अडकला. त्याची आई तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात डबा घेऊन बसलेली मी पाहिली आहे. तिनं आणलेली भाकरी तशीच परत गेली.

नमस्कार बाई. मी सतरा वर्षं फौजेत होतो. कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफल घेताना सही, परत देताना सही, फायरिंग झालं की रिकाम्या पुंगळ्या मोजून द्यायच्या. एक कमी पडली तर पूर्ण प्लाटून रेंजवर वाकून शोधत राहायची. आणि तिकडे अठरा वर्षांचं पोरगं दुकानातून लष्करी धाटणीची रायफल घेऊन बाहेर पडतं. एवढी मुलं मेली तरी ते लोक घटना दुरुस्त का करत नाहीत?
– माजी सैनिक, चाळीसगाव

दादा, तुम्ही हा प्रश्न विचारलात याचं मला विशेष वाटलं, कारण बंदूक काय करते हे आपल्यात ज्याला खरोखर माहीत आहे तोच तिचा हिशेब मागतो आहे.

गंमत वाटेल, पण आज बंदूकवाल्यांच्या बाजूनं भांडणारी नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था तुमच्यासारख्याच फौजी माणसांनी काढली. १८७१ साल. यादवी युद्धात आपल्या शिपायांचा नेम किती वाईट होता हे पाहून उत्तरेच्या सैन्यातल्या दोन माजी अधिकाऱ्यांनी ती नेमबाजी शिकवायला सुरू केली. पुढची शंभर वर्षं ती मुख्यतः नेमबाजी आणि शिकारीचीच संस्था होती. दारूबंदीच्या काळात शिकागोच्या टोळ्यांनी मशीनगनचा धुमाकूळ घातला, त्यानंतर १९३४ मध्ये पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला, तेव्हा त्या संस्थेनं अखेर त्याला साथ दिली. १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दुसरी दुरुस्ती मिलिशियाशी जोडूनच वाचली: आखूड नळीच्या बंदुकीचा सुव्यवस्थित मिलिशियाशी संबंध दाखवा, मग बोलू.

१९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला तो टपालानं मागवलेल्या रायफलनं. दुर्बिणीसकट टपालखर्च धरून किंमत साडेएकवीस डॉलरच्या आत. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडींचा भाऊ रॉबर्ट गोळ्यांना बळी पडले आणि त्याच वर्षी टपालानं बंदुका पाठवण्यावर बंदी घालणारा कायदा झाला.

त्याआधीचं १९६७ साल मात्र मला सगळ्यात बोलकं वाटतं. कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या संघटनेची काळी तरुण मंडळी पोलिसांवर नजर ठेवायला उघड्यावर भरलेल्या बंदुका घेऊन फिरू लागली. कायद्यानं तेव्हा ते चालत होतं. ती मंडळी बंदुका घेऊन राज्याच्या विधिमंडळातही शिरली. तिथल्या विधिमंडळानं भराभर कायदा करून भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरणं बंद केलं, आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. हेच रेगन पुढे बंदूकवाल्यांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले. वर फैजपूरच्या ताईंना मी जे सांगितलं ते इथे परत दिसतं. प्रश्न बंदूक किती धोक्याची हा नव्हता, ती कुणाच्या हातात आहे हा होता.

मग १९७७. सिनसिनाटी शहरात त्या असोसिएशनची वार्षिक सभा भरली. जुनी मंडळी म्हणत होती, कोलोरॅडोला मुख्यालय हलवू, शिकार आणि निसर्ग यांवर भर देऊ. हार्लन कार्टर आणि त्याच्या गटानं सभेचेच नियम वापरून रात्रभरात कार्यकारिणी उलथवली. आपल्याकडे सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत पॅनल कसं पालटतं ते तुम्ही पाहिलं असेल, अगदी तसंच. त्या पहाटेपासून नेमबाजीची संस्था राजकारणाची संस्था झाली. बंदूक हे हत्यार राहिलं नाही, पक्ष झाला. कुणी कुलपाचा नियम सुचवला तरी तो ‘आज कुलूप, उद्या जप्ती’ असा सांगितला जाऊ लागला. आणि लेक्सिंग्टनची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला ते पटतं.

२००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, मिलिशिया असो नसो. म्हणजे ती दुसरी दुरुस्ती झाल्यानंतर दोनशे सतरा वर्षांनी.

घटना दुरुस्त करायची तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि वर पन्नासातल्या अडतीस राज्यांची संमती. ती आज मिळण्यासारखी नाही. साधा कायदा करणंही अवघड आहे. त्यांच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, प्रत्येक राज्याला दोनच जागा आहेत. वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या पासंगालाही पुरणार नाही. कॅलिफोर्नियाची पावणेचार कोटींच्या वर. दोघांना सारखीच मतं. सँडी हुकनंतर चार महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, बंदूक घेणाऱ्याची आधी चौकशी करायचा नियम वाढवावा असा अगदी साधा प्रस्ताव आला. त्याला शंभरातली चौपन्न मतं मिळाली. तिथल्या पद्धतीप्रमाणे साठ लागत होती. मेलेल्या मुलांचे आईबाप वर प्रेक्षकांत बसून ते ऐकत होते. मी मास्तरीण आहे दादा, ते चित्र माझ्या मनातून जात नाही. युवाल्डीनंतर २०२२ मध्ये कुठे एक मर्यादित कायदा झाला, जवळजवळ तीस वर्षांनी.

बाई, माझी केळी आणि मका रानडुकरं लोळवतात. रात्र रात्र जागल करून डबे बडवतो. परवान्यासाठी चकरा मारून थकलो. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला दुकानात बंदूक मिळते, मग आपल्यालाच एवढी आडकाठी का? आपल्याकडेही सोपं करायला नको का?
– शेतकरी, रावेर तालुका

भाऊ, तुमचा राग मला कळतो, कारण मी बंदुकीच्या घरात वाढले.

माझ्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायला. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद वेगळी आहे. वडील ती भरायचे तेव्हा आम्ही पोरं ओट्याच्या कडेला बसून बघायचो. आधी नळीत दारू ओतायची, मग चिंधीचा बोळा, गजानं ठासायचा, मग छर्रे, परत बोळा. शेवटी बाहेरच्या बाजूला निप्पलवर तांब्याची एवढीशी टोपी. टोपी बसल्याशिवाय बार उडायचा नाही. भरताना वडील कुणाशी बोलायचे नाहीत. निवडणूक आली की गोणपाटात गुंडाळून ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि पावती पत्र्याच्या डब्यात, सातबाऱ्यासोबत. डुकरं मेलेली मी कमी पाहिली, आवाजानं पळालेली जास्त.

१९७२ च्या दुष्काळात विहीर आटली, कापूस करपला. माझे थोरले काका सावकाराकडे जाऊन आले आणि त्यानंतर बोलेनासे झाले. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आईला विचारलं, टोप्यांची डबी कुठे आहे? त्या दिवसांत शेतात राखायला काहीच उरलं नव्हतं. आई शांतपणे म्हणाली, सरल्या, जळगावहून आणायच्या राहिल्यात. खरं तर आदल्याच रात्री तिनं ती डबी दादर ज्वारीच्या कोठीत टाकली होती. दादर तळाला गेली होती, म्हणून तिला कोठीत अर्धं वाकावं लागलं, मी चिमणी धरून उभी होते. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, “बंदूक घरमा शे, झोप लागत नही.” काका ओट्यावर बसून राहिले. आठवड्यानं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. पुढे वयाच्या एक्याऐंशीपर्यंत जगले. माझ्या लग्नात वऱ्हाडाला वाढायला तेच पुढे होते.

मोठी झाल्यावर मी अमेरिकेचे आकडे वाचले तेव्हा ती कोठी आठवली. २०२१ मध्ये तिथे बंदुकीनं साधारण ४८,८०० माणसं गेली. बातम्यांत आपल्याला शाळा आणि मॉल दिसतात. पण त्यातली निम्म्याहून जास्त, २६ हजारांच्या वर, स्वतःच्या हातानं गेली. बरीचशी घरात ठेवलेल्या, संरक्षणासाठी घेतलेल्या बंदुकीनं. जीव देण्याचा विचार पुष्कळदा एखाद्या वाईट घटकेचा असतो, ती टळली की माणूस परत येतो. बंदूक ती घटका टळू देत नाही. आणि कर्ज, नापिकी, गप्प झालेला घरधनी, हे आपल्या खानदेशात किती घरांत आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. कुणी तसं गप्प झालेलं दिसलं तर त्याला एकटं ठेवू नका, डॉक्टरकडे न्या.

म्हणून परवाना सोपा व्हावा, पण सरसकट दुकानात बंदूक मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला चकरा मारायला लावतात त्याविरुद्ध जरूर भांडा. अर्जावर किती दिवसांत निर्णय होणार ते लेखी मागा. मात्र एक ध्यानात घ्या: बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. नुकसान झालं की आधी पंचनाम्याचा अर्ज करा, फोटो काढून ठेवा, भरपाईची तरतूद आहे. आणि बंदूक मिळालीच, तर काडतुसं किंवा टोप्या कुठे आहेत हे घरातल्या दुसऱ्या एखाद्या शहाण्या माणसाच्या हाती ठेवा. आमच्या घरी ते माझ्या आईच्या हाती होतं.

फैजपूरच्या ताईंना एक सांगायचं राहिलं. नात त्या शेजाऱ्याकडे खेळायला जात असेल. मुलाला सांगा, त्याला सरळ विचार: कपाटाला कुलूप असतं का, किल्ली कुणाकडे असते, काडतुसं त्याच कपाटात ठेवता की दुसरीकडे? तिकडचे मुलांचे डॉक्टरसुद्धा आईबापांना हे विचारायला सांगतात, त्यात अपमान काही नाही. बर्फाच्या रात्री ज्यानं दार उघडलं तो माणूस या प्रश्नाचं उत्तर देईल. काय म्हणाला ते मला कळवा.